पाइपलाइनचा विक्रम आणि माझा टँकरचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट होती, पाइपलाइनमधून तेलाची विक्रमी वाहतूक, इंडियन ऑइलने २०२४-२५ मध्ये १० कोटी टनांचा टप्पा ओलांडला, आणि शेवटी एक वाक्य की यामुळे रस्त्यावरचा ताण कमी होतोय. त्या शेवटच्या वाक्यापाशी माझा चहा थांबला. मी चेंबूरला राहतो, वय ६८, आणि ३१ वर्षं इथल्या रिफायनऱ्यांजवळच्या माहुल रोडवरच्या एका टँकर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिलाय, म्हणजे गाडी किती वाजता आत गेली, किती लिटर भरलं, सील नंबर काय, पंपावर डिप (काठी बुडवून मोजलेला माल) किती निघाली, शॉर्टेज कोणाच्या पगारातून कापायचं, असलं सगळं. त्यामुळे तेल कशातून जातं या विषयात मला जरा जास्तच रस आहे, घरचे म्हणतात गरजेपेक्षा जास्त.

आकडा खोटा नाही, हे आधीच सांगतो. १० कोटी टन ही चेष्टा नाही. रोजचे पावणेतीन लाख टन होतात, आणि २० हजार लिटरची गाडी धरली, डिझेलने भरली तर साधारण साडेसोळा टन माल बसतो, तर रोज साडेसोळा हजार गाड्या झाल्या. तेवढ्या गाड्या एकामागे एक लावल्या तर चेंबूरहून निघालेली रांग पुणे मागे टाकून पुढे जाईल. म्हणजे लायनी नसत्या तर काय झालं असतं त्याची कल्पना करवत नाही. पण आकडा खरा असणं आणि त्याचा अर्थ खरा लावणं यात फरक आहे ना, आणि तो फरक कळायला एकट्या एका वर्षाचा आकडा कामाचा नाही, मागची पाच-सहा वर्षं शेजारी लावावी लागतात. आमच्या शेठचं म्हणणं असायचं, एका महिन्याचं बिल दाखवू नको, वर्षाची वही आण.

तर वही आणतो. इंडियन ऑइलच्या लायनींतून २०१८-१९ मध्ये साधारण ८.८५ कोटी टन गेलं. २०१९-२० मध्ये ८.५३. मग लॉकडाऊनचं वर्ष, २०२०-२१, थेट ७.६० वर आलं. पुढे ८.३२, मग ९.४६, मग ९.८६ आणि मग हा तुमचा विक्रम, १०.०५. आता याच्या शेजारी देशाचा एकूण पेट्रोलियम खप लिहा. २०१८-१९ ला २१.३ कोटी टन, त्यानंतरच्या वर्षी २१.४, लॉकडाऊनला १९.४, मग २०.२, २२.३, २३.४ आणि २०२४-२५ ला २३.९. दोन्ही रकाने बघा, खप पडला की लाइन पडते, खप चढला की लाइन चढते, सावलीसारखी. सहा वर्षांत लायनीतला माल साडेतेरा टक्क्यांनी वाढला आणि देशाचा खप बारा टक्क्यांनी. देशात १०० टन खपायचे तेव्हा या कंपनीच्या लायनींतून साडेएकेचाळीस टन वाहायचे, आता ४२ वाहतात. हा काही नेमका वाटा नाही, त्याचं कारण पुढे लिहितो, पण कल कळायला पुरेसा आहे. सहा वर्षांत अर्धा टन! याला विक्रम म्हणायचं असेल तर तो विक्रम आपल्या गाड्यांच्या टाक्यांचा आहे.

आणि याच काळात लायनींची लांबी बघा. १४ हजार किलोमीटरच्या थोडी वर होती ती २० हजारांच्या घरात गेली, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढ. (त्यात थोड्या गॅसच्या लायनीपण मोजतात, ते मान्य.) पाइप चाळीस टक्के वाढला आणि आतला माल साडेतेरा टक्के. आमच्या ऑफिसात कोणी चाळीस टक्के गाड्या वाढवून तेरा टक्के फेऱ्या वाढवल्या असत्या तर त्याला चहापण मिळाला नसता. पण इथे मी कंपनीच्या बाजूने बोलतो, पाइपलाइन म्हणजे टँकर नव्हे की आज घेतला नि उद्या धंद्याला लावला. नवीन लाइन आधी पोटभर भरावी लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेव्हा कुठे पलीकडे पहिला थेंब पडतो, आणि ते आतलं तेल लाइन चालू आहे तोवर आतच राहतं, फक्त पुढे सरकत राहतं. शिवाय लाइन टाकतात ती पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा खप डोळ्यासमोर ठेवून, पहिल्या वर्षापासून ती फुल चालणार नाहीच. तेव्हा मी शिव्या देत नाहीये, फक्त म्हणतोय की टनांचा आकडा छापलात तर लांबीचा पण छापा, वाचक काय ते बघून घेतील.

लॉकडाऊनच्या वर्षाबद्दल एक सांगतो कारण ते मी घरात बसून टीव्हीवर बघितलं आणि मला ते लगेच कळलं, मुलाला नाही कळलं. एप्रिल २०२० मध्ये देशाचा खप जवळपास निम्म्यावर आला होता. मुलगा म्हणाला, बरं झालं पप्पा, टँकर बंद पण पाइपलाइन चालू असणार. मी म्हटलं अरे बाबा, पलीकडची टाकी रिकामी झाली तरच अलीकडून ढकलता येतं. लायनीत माल स्वतःहून वाहत नाही, मागून पंपाने रेटावा लागतो आणि पुढे जागा लागते. मनमाडची टाकी काठोकाठ असेल तर माहुलचा पंप काय करणार. म्हणून सांगतो, लाइन ही खपाची गुलाम आहे, तिच्यातून किती गेलं यावरून तिची हुशारी ठरत नाही.

मनमाडचं नाव काढलं म्हणून, ही आपल्या मुंबईकरांना माहीतच नसलेली गोष्ट आहे. भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड लाइन १९९८ ला सुरू झाली, २५२ किलोमीटर, माहुलहून निघून सह्याद्री चढून थेट मनमाडच्या पानेवाडी डेपोत. पुढे ती इंदूरजवळच्या मांगलियाला गेली आणि मग दिल्लीच्या बिजवासनपर्यंत. त्याच्या आधी हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे लाइन, १९८५ ची, ती नंतर सोलापूरपर्यंत वाढवली, आता पाचशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे पुण्याच्या माणसाच्या स्कूटरमधलं पेट्रोल घाट चढून येतं पण रस्त्याने नाही, जमिनीखालून, माणूस झपझप चालला तर जेवढ्या वेगाने जाईल साधारण तेवढ्या वेगाने. आणि गंमत म्हणजे एकाच पाइपातून डिझेल, पेट्रोल, रॉकेल सगळं एकामागोमाग जातं, मध्ये भिंत वगैरे काही नाही. दोन मालांच्या सांध्यावर थोडी सरमिसळ होते, तेवढा तुकडा पलीकडे डेन्सिटी बघून वेगळा काढतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं समोरचा माझी फिरकी घेतोय.

१९९८ च्या आधी नाशिक, धुळे, जळगाव करणाऱ्या आमच्या गाड्या माहुललाच भरायच्या आणि रात्री कसारा चढायच्या. अर्धवट भरलेल्या टँकरला घाटात हिसका बसतो, आतला माल मागेपुढे आदळतो, ड्रायव्हर लोक म्हणायचे पाठीमागे कोणीतरी बसलंय आणि ढकलतंय असं वाटतं. लाइन चालू झाल्यावर सहा-आठ महिन्यांत आमच्या २२ गाड्यांपैकी ९ गाड्यांचा नंबर पानेवाडीला लागला, म्हणजे त्या तिथेच भरायला लागल्या. काही ड्रायव्हर बायकापोरांसकट मनमाडला गेले, दोघे परत गावी गेले, एकाने रिक्षा घेतली. शेठ महिनाभर कपाळाला हात लावून बसला होता. मी तेव्हा लाइनीवर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट नंतर लक्षात आली, माझ्या रजिस्टरमध्ये कसारा घाटातल्या अपघाताची जी दर एक-दोन महिन्यांनी नोंद व्हायची ती जवळजवळ बंदच झाली. हाच तो रस्त्यावरचा ताण कमी होणं. तो खरा होता, पण तो १९९८ ला झाला, तुमच्या बातमीत नाही.

आता तो वाट्याचा मुद्दा, जो वर अर्धा सोडला. पाइपलाइनच्या टनांत क्रूड म्हणजे कच्चं तेल आणि पक्का माल दोन्ही एकत्र मोजतात. गुजरातच्या किनाऱ्यावर सलायाला जहाजाने आलेलं क्रूड लायनीतून मथुरेला जातं, तो एक टन. मथुरेच्या रिफायनरीत त्याचं डिझेल झालं आणि ते दुसऱ्या लायनीतून जालंधरकडे निघालं, तो परत एक टन. म्हणजे एकाच तेलाची दोनदा हजेरी. यात लबाडी नाही, दोन वेगळ्या लायनींनी दोन वेगळी कामं केली, पण वाचणाऱ्याला वाटतं १० कोटी टन पेट्रोल-डिझेल रस्त्यावरून उचललं. क्रूड तर देशात जवळजवळ कुठेच टँकरने जात नव्हतं हो, ते उचलणार कुठून! आणि दुसरं, माहुलहून सांताक्रूझ विमानतळाला विमानाचं इंधन लायनीने जातं, दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर, त्याचा एक टन आणि हजार किलोमीटर लांब जाणाऱ्याचा एक टन हे बातमीत सारखेच. रेल्वेवाले टन-किलोमीटर सांगतात, किती माल किती लांब नेला. पाइपलाइनच्या बातमीत ते कधी दिसत नाही.

आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या लायनीने उरणला येतं आणि तिथून ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना, ही व्यवस्था १९७८ ची. मुंबई हायचं उत्पादन ऐंशीच्या दशकात कळसाला होतं, दिवसाला ४ लाख ७६ हजार बॅरल, आणि एप्रिल २०२४ मध्ये १ लाख ३४ हजार. तीन भागांतले दोनाहून जास्त भाग गेले. देशाचं क्रूड २०११-१२ ला ३.८ कोटी टन निघायचं, २०२४-२५ ला २.९ कोटीच्या आतबाहेर. म्हणजे घरच्या तेलाच्या लायनी पातळ होतायत आणि बंदरातून आत जाणाऱ्या लायनी जाड होतायत, दोघांची बेरीज केली की विक्रम. आज १०० पैकी ८८ टन क्रूड आपण बाहेरून आणतो. मी शाळेत असताना समुद्रात तेलासाठी खोदणाऱ्या सागर सम्राटचं चित्र भिंतीवर होतं, १९७४ ला तेल लागलं तेव्हा आमच्या मास्तरांनी पेढे वाटले होते, आता आत्मनिर्भर आत्मनिर्भर म्हणून तोंड दुखेल. बरं ते राहू दे, राजकारणात मला जायचं नाही, तुम्ही छापणारही नाही.

मला ज्यावर खरं बोलायचंय ते इथेनॉल. ही गोष्ट मी आजवर कुठल्याही पेपरात पाइपलाइनच्या बातमीशेजारी वाचलेली नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल २०१४ ला दीड टक्का होतं, २०२५ ला २० टक्के झालं. साखर कारखान्यांना पैसे मिळतात, परकीय चलन वाचतं, सगळं बरोबर, माझा विरोध नाही, मायलेजचं रडगाणं गाणारे वेगळे आहेत. पण इथेनॉल पाणी ओढतं. ज्या लायनीतून मागे-पुढे डिझेल आणि विमानाचं इंधन जातं तिच्यात ते सहसा घालत नाहीत. म्हणून ते कारखान्याहून डेपोपर्यंत मुख्यतः टँकरने येतं आणि डेपोत पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२३-२४ च्या हंगामात देशात ७०० कोटी लिटरच्या वर इथेनॉल मिसळलं गेलं. करा हिशेब, २० हजार लिटरची गाडी धरून साडेतीन लाख फेऱ्या. थोडं रेल्वेने गेलं असेल ते वजा करा, तरी आकडा लाखांतच राहतो. म्हणजे नगर, सोलापूर, कोल्हापूरकडच्या कारखान्यांतून डेपोंकडे भरलेले टँकर येतात आणि रिकामे परत जातात, आणि ज्या पेट्रोलची जागा त्यांनी घेतली ते पेट्रोल पूर्वी बऱ्याच ठिकाणी लायनीने यायचं. एका हाताने पाइप टाकतोय आणि दुसऱ्या हाताने टँकर वाढवतोय. आमच्या जुन्या शेठच्या मुलाने गेल्या दोन वर्षांत चार नव्या गाड्या घेतल्या, चारही इथेनॉलला. त्याला विचारा पाइपलाइनमुळे रस्त्यावरचा ताण कमी झाला का, पोट धरून हसेल.

मग कोणी म्हणेल की काका, तुम्ही टँकरवाले, तुम्हाला पाइपलाइन नकोच असणार. तसं नाही हो. लाइन स्वस्त पडते, जमिनीवरून न्यायचं तर रेल्वेपेक्षा लाइन स्वस्त आणि रस्ता सगळ्यात महाग, हे मी माझ्या हाताने लिहिलेल्या भाड्याच्या बिलांवरून सांगू शकतो. २० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर हायवेवर गॅसचा टँकर फुटला, किती माणसं होरपळली, तो व्हिडिओ मी पुरता बघू शकलो नाही. आणि टँकरच्या धंद्यात काय काय चालायचं तेही मला माहीत आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं, त्या रात्री आमच्या ऑफिसात कोणी जेवलं नाही, कारण ते ढाबे, ती वळणं, ती माणसं आमच्या ड्रायव्हरांना तोंडपाठ होती. लाइन डेपोपर्यंत माल बंद पाइपात आणते, भेसळ होते ती बहुतेक त्याच्या पुढे. लायनीलाही भोक पाडून चोरतात, नाही असं नाही, पण तिथे दाब कमी झाला की कंट्रोल रूममध्ये लगेच दिसतं. टँकरचा ड्रायव्हर ढाब्यावर का थांबला हे कुठल्या मीटरवर दिसणार? आता जीपीएस आणि इलेक्ट्रॉनिक लॉक आलेत, आमच्या वेळी दोन रुपयाचं शिशाचं सील असायचं.

आणि लाइन कितीही टाका, शेवटचा टप्पा टँकरचाच. २ जानेवारी २०२४ आठवतोय? हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, पानेवाडीच्या गाड्यापण बंद. लायनींना काही झालं नव्हतं, डेपोच्या टाक्या भरलेल्या होत्या, आणि मुंबईत पंपापंपांवर रांगा, कुठे कुठे तर पाट्या लागल्या, पेट्रोल नाही. मी सकाळी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून चेंबूर नाक्याच्या पंपावर गेलो तर रांग वळून पार पुलाखाली गेलेली. नातू म्हणतो, आजोबा, तुमची ती पाइपलाइन कुठाय? काय सांगणार त्याला. आमच्या कोकणात तर अजून सगळा कारभार टँकरवर, चिपळूणला जाताना गोवा हायवेला पुढे टँकर, मागे टँकर, आणि मध्ये खड्डा.

आणखी एक, छोटंच. लाइन ज्यांच्या शेतातून जाते त्यांचं काय याचा ओझरता उल्लेखसुद्धा या बातम्यांत नसतो. १९६२ चा कायदा आहे, जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, आणि त्या हक्कापोटी जमिनीच्या किमतीच्या दहा टक्के मोबदला, पिकाचं नुकसान झालं तर ते वेगळं. पण त्या पट्ट्यात पुढे घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. शहराच्या कडेला त्याच जमिनीचा भाव आज कुठे गेलाय आणि त्याला मिळाले होते दहा टक्के. त्याच्या शेताखालून जाणाऱ्या टनांचा विक्रम झाला, हे त्याला कोणी पेढा देऊन सांगितलं का?

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच. पुढच्या वर्षी एप्रिल-मे मध्ये कंपन्यांचे आकडे परत येतील, तुमच्या टेबलावर प्रेसनोट येईल आणि त्यात परत विक्रम असेल, कारण खप वाढतोय तोवर विक्रम होणारच. तेव्हा त्या आकड्याशेजारी तीन आकडे छापा, देशाचा खप किती वाढला, लायनी किती किलोमीटर वाढल्या, आणि इथेनॉल किती कोटी लिटर रस्त्याने आलं. पेट्रोलियम प्लॅनिंग अँड ॲनालिसिस सेलवाले दर महिन्याला खपाचे आकडे फुकट देतात, दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या मुलांना वेळ नसेल तर मला बोलवा, मी वही घेऊन येतो, चहा तुमचा.

आपला,
चेंबूरचा एक जुना वाचक

ता. क. बातमीवर जो पाइपलाइनचा फोटो छापलाय तो तेलाच्या लायनीचा नाही. ती तानसाची पाण्याची लाइन आहे, बाजूला वाळत घातलेल्या गोधड्यापण दिसतायत. तेलाची लाइन जमिनीखाली असते, वर फक्त खुणेचे दगड.